परीक्षकांची शिडी

बी.एड. झालेल्या कोणालाही ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ ही चौकडी तोंडपाठ असते. पाठ टाचणात आणि प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात ती हमखास भेटते. तिचे मूळ मात्र वर्गात नसून परीक्षा विभागात आहे.

१९४८ साली बोस्टनला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनाच्या निमित्ताने काही महाविद्यालयीन परीक्षक जमले. अडचण व्यवहारातली होती. एका विद्यापीठाचे प्रश्न दुसऱ्याने वापरायचे, तर कोणता प्रश्न नेमके काय तपासतो हे सांगणारी समान परिभाषा हवी. शिकागो विद्यापीठातील परीक्षक बेंजामिन ब्लूम यांनी संपादित केलेल्या १९५६ च्या ग्रंथाने ती दिली. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा त्या सहा पायऱ्या होत्या.

त्यामागचा विचार ब्लूम यांचे गुरू राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडला होता. आधी उद्दिष्ट ठरवावे, त्याला साजेसे अध्ययन अनुभव योजावेत आणि शेवटी तेच उद्दिष्ट साधले का हे तपासावे. अभ्यासक्रम, अध्यापन आणि परीक्षा ही तिन्ही एकाच सूत्रात ओवलेली हवीत.

१९५७ साली मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेण्यासाठी ब्लूम भारतात आले. आपल्याकडेही ही शिडी अशी परीक्षेच्या दारातूनच आली. तक्त्यात उद्दिष्टनिहाय भारांश आले, पण वरच्या तीन पायऱ्यांना बहुधा स्वतंत्र रकाना मिळाला नाही.

खरी चूक मात्र रकान्यांच्या संख्येत नाही. विद्यार्थी आधी काय शिकला आहे हे ठाऊक असल्याखेरीज प्रश्नाची पायरी ठरवता येत नाही, असे मूळ ग्रंथातच बजावले होते. ‘१८५७ च्या उठावाच्या कारणांचे विश्लेषण करा’ हा प्रश्न घ्या. कारणे वर्गात क्रमवार उतरवून दिली असतील, तर तक्ता काहीही म्हणो, परीक्षा स्मरणाचीच होते. पायरी क्रियापदात नसते. शिकवणे आणि विचारणे यांच्या नात्यात असते.

२००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी सुधारित आराखडा आणला. त्यात उद्दिष्टे, वर्गातील कृती आणि चाचण्या एकाच तक्त्यात मांडता येतात. तिन्ही वेगवेगळ्या चौकटींत पडली, की विसंगती उघडी पडते. आपण तक्ता भरतो तो प्रश्नपत्रिकेपुरता. तासाला काय घडले, याची नोंद त्यात होत नाही, आणि मुलांना गुण मात्र त्याच तक्त्यावरून मिळतात.