घरची जमीन, आईचं नाव

ऑकलंडला राहणाऱ्या भाचीनं परवा फोटो पाठवले. तिथून बोटीनं गेलं की वाइहेके नावाचं बेट लागतं. १९७८ मध्ये किम आणि जीनेट गोल्डवॉटर या नवराबायकोनं तिथे द्राक्षाचे वेल लावले. आज ते बेट वाइनसाठी ओळखलं जातं. "मामा, एका घरानं सुरुवात केली बघा," असं तिनं खाली लिहिलं होतं.

मला आपलं नाशिक आठवलं. मी वाइन घेत नाही, पण त्या गोष्टीत मन गुंतलं आहे.

राजीव सामंत अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरीला लागले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला परत आले. नाशिकजवळ घरची जमीन होती. तिथे त्यांनी आंबा लावून पाहिला, खायची द्राक्षंही लावली. मग १९९७च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या परदेशी जाती लावल्या. कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की वाइन करण्यातले जाणकार म्हणून मदतीला होते. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. नाव 'सुला', आई सुलभा यांच्यावरून.

परदेशचं रोप आणलं आणि लावलं, इतकं ते सोपं नसतं बरं का. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो. नाशिकला तो झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. वेल लावल्यावर पीक हाती यायला काही वर्षं थांबावं लागतं, ते वेगळंच. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि आसपास इतरही वायनऱ्या निघाल्या. सुला आता केवळ घरची राहिलेली नाही, २०२२ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. पण सुरुवात घरच्या जमिनीवरच झाली.

याच दशकात, १९९४ साली, आम्ही तिघा भावांनी बदलापूरची वाडी विकली. मी उल्हासनगरला शाळेत, मधला अंबरनाथला कारखान्यात, धाकटा मुंबईत. "करणार कोण?" एवढ्यावर बोलणं संपलं. जून महिना होता. आईनं आदल्या दिवशी झाडांची जांभळं उतरवून घेतली आणि आळीत घरोघर वाटली. सहीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आज तिथे चार इमारती आहेत.

आम्ही काही द्राक्षं लावणार नव्हतो. विकलं याचंही फारसं वाईट वाटत नाही, त्या पैशांवर मुलं शिकली. पण "इथे आणखी काय करता येईल?" हे आम्ही एकमेकांना एकदाही विचारलं नाही, आणि आईला तर नाहीच.

असो. भाचीला एवढंच कळवलं, की फोटो छान आहेत, आणि गावाकडे तुझ्या वडिलांची जमीन अजून आहे.