‘प्रसन्न’ : एका शब्दाची वाटचाल

हसतमुख, मायाळू माणसाचे वर्णन मराठीत ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’ एवढ्यात पूर्ण होते. चोपडीच्या पहिल्या पानावर किंवा लग्नपत्रिकेच्या शिरोभागी देवतेच्या नावापुढेही हाच शब्द विराजमान असतो. एक अर्थ आनंदी स्वभावाचा, दुसरा कृपेचा. परंतु दोहोंचे मूळ नितळपणात आहे.

संस्कृतात ‘सद्’ म्हणजे बसणे. त्या धातूपासून झालेला ‘प्रसन्न’ हा शब्द गाळ तळाशी बसून स्वच्छ झालेल्या पाण्याला लावला जाई. कालिदासाने ‘मेघदूता’त गंभीरा नदीच्या जलाला निर्मळ चित्ताची उपमा देताना हाच शब्द योजला. ‘प्रसाद’ हा शब्दही त्याच कुळातला.

जैन परंपरेत मात्र या शब्दाने एक गहन प्रश्न उभा केला. षडावश्यकांपैकी दुसरे आवश्यक चतुर्विंशतिस्तव होय. त्या लोगस्स सूत्रात तीर्थंकरांना उद्देशून ‘पसीयंतु’, म्हणजे ‘प्रसन्न होवोत’, असे प्राकृत क्रियापद येते. तीर्थंकर तर वीतराग! ते स्तुतीने संतोषत नाहीत आणि निंदेने कोपतही नाहीत. मग त्यांनी प्रसन्न व्हावे ते कसे?

इसवी सनाच्या १२ व्या शतकात, गुजरातचे चौलुक्य नृपती कुमारपाल यांचे गुरू हेमचंद्राचार्य यांनी ‘वीतरागस्तोत्रा’त याच स्वरूपाची शंका घेऊन तिचे निरसन केले. जो प्रसन्न होत नाही त्याच्यापासून फळ कसे लाभेल, असे विचारणाऱ्यास त्यांनी अचेतन असूनही फलदायी ठरणाऱ्या चिंतामणी रत्नाचा दाखला दिला. पुढे त्यांनी पूजेहून आज्ञापालन श्रेष्ठ ठरविले. तात्पर्य, बदल घडावयाचा तो आराध्यात नव्हे, आराधकात.

महाराष्ट्रात १७ व्या शतकात संत तुकारामांनीही साधकाला स्वतःचे मनच प्रसन्न करावयास सांगितले. परंपरा भिन्न, तरी दिशा एकच.

म्हणून प्रसन्नता ही केवळ मुखावरची शोभा नव्हे. क्रोध, मान, माया व लोभ या चार कषायांचा गाळ जसजसा खाली बसतो, तसतसे चित्त नितळ होते आणि ते नितळपण वाणीत व व्यवहारात उतरते. गल्ल्यावर, घरात आणि संघाच्या सभेत मतभेद होतातच. अशा वेळी जो समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो, त्यालाच ‘प्रसन्न’ हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभते.