कळफलकाच्या पोटात

संगणकाचा कळफलक उघडून पाहण्याची वेळ सहसा त्यावर चहा सांडल्यावरच येते. आजचे स्वस्त कळफलक अशा वेळी सरळ टाकून दिले जातात. आयबीएमने १९८७ साली आणलेला ‘स्पेस सेव्हिंग कीबोर्ड’ मात्र उघडण्याजोगा आहे, निदान अर्ध्यापर्यंत. सुप्रसिद्ध ‘मॉडेल एम’चेच हे आखूड रूप. उजवीकडचा अंकांचा गट वगळल्याने त्यात ८४ कळा उरतात.

बाहेरील कवचाचे स्क्रू षट्कोनी माथ्याचे असून त्यांना साडेपाच मिलिमीटरचा, लांब व सडपातळ नळीपाना लागतो. कवच निघाले की आत वक्राकार पोलादी पत्रा दिसतो. कळफलकाचे वजन आणि स्थैर्य प्रामुख्याने या पत्र्यामुळेच. नियंत्रक मंडलाला जोडलेल्या चपट्या पट्ट्या नाजूक असतात. त्या सरळ रेषेतच ओढाव्यात.

खरे कौतुक कळेखालच्या रचनेचे. प्रत्येक कळेखाली एका नळीत एक उभी स्प्रिंग असते. कळ दाबताच ती आखडते आणि ठरावीक मर्यादेनंतर एकाएकी बाजूला वाकून नळीच्या भिंतीवर आदळते. तोच परिचित ‘टक्’ आवाज. त्याच क्षणी स्प्रिंगच्या पायाशी असलेली छोटी हातोडी कलते व खालचा पडदा दाबते. बोटाला होणारी जाणीव आणि विद्युत संपर्क असे जवळजवळ एकाच वेळी घडतात. वाकणाऱ्या स्प्रिंगच्या या कल्पनेचे पेटंट रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नावे १९७८ साली नोंदले गेले.

हातोड्यांखाली पातळ रबरी थर व त्याखाली तीन पदरी पडदा असतो. वरच्या व खालच्या पदरांवर वाहक रेषा, मधल्यात संपर्कापुरती छिद्रे. आधीच्या ‘मॉडेल एफ’मध्ये या जागी धारितेवर चालणारे महागडे मुद्रित मंडल होते. पडद्यामुळे याला ‘यांत्रिक’ म्हणावे काय, असा वाद शुद्धतावादी घालतात. बोटांना तो पटत नाही.

दुखणे आहे ते पुढे. हे सारे थर पत्र्याशी स्क्रूंनी नव्हे, तर प्लॅस्टिकच्या खुंट्यांची टोके वितळवून घट्ट केलेले आहेत. खर्च वाचवणारी ही युक्ती दुरुस्तीच्या मुळावर येते. वयोमानाने टोके तुटतात, कळफलक हलवल्यास आत खुळखुळतात आणि त्या भागातील कळा पोकळ लागू लागतात. पदरांत शिरलेला चहाही खुंट्या छाटल्यावाचून पुसता येत नाही. छाटल्यानंतर मात्र मागे परतणे नाही: प्रत्येक खुंटीच्या जागी बारीक छिद्र पाडून दोन मिलिमीटरचे स्क्रू बसवावे लागतात. काम काही तासांचे व कंटाळवाणे; पण त्यानंतर कळफलक केव्हाही पुन्हा उघडता येतो.

थर सुटे करताना कळांची बाजू खाली ठेवावी, अन्यथा स्प्रिंगा व हातोड्या विखुरतात. जोडणी पूर्ण झाल्यावर कळा बसवताना कळफलक स्पेसबारची कड वर करून उभा धरावा, म्हणजे स्प्रिंग योग्य जागी टेकते. प्रत्येक कळ बसवताच एकदा दाबून पाहावी. ‘टक्’ आवाज आला नाही, तर ती काढून पुन्हा बसवावी.