राज्यांची वाटणी आणि बाबासाहेबांचा विचार

आज देशात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. हा नकाशा काही आभाळातून पडलेला नाही. १९५३ साली न्या. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९५५ साली आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी १४ राज्ये व ६ केंद्रशासित प्रदेश झाले.

अहवाल येताच परमपूज्य बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. एका राज्याची भाषा एकच असावी, हे त्यांना मान्य होते. पण एका भाषेचे सगळे लोक एकाच राज्यात कोंबलेच पाहिजेत, हे मान्य नव्हते. तेव्हा एकट्या उत्तर प्रदेशची लोकसंख्या सहा कोटींच्या वर होती. त्याची तीन राज्ये करा, मेरठ, कानपूर आणि अलाहाबाद या राजधान्या ठेवा, असे त्यांनी सुचविले. बिहारची दोन: पाटणा आणि रांची. महाराष्ट्राची चार, त्यात मुंबई शहराचे एक.

का? आम्ही गिरणीतली माणसे, आम्हाला हे लवकर समजते. एका मुकादमाच्या हाताखाली हजार माणसे दिली, तर कोपऱ्यातल्या कामगाराचे गाऱ्हाणे त्याच्या कानी कधी जाणार? राज्याचेही तसेच. शिवाय राज्य जेवढे अवाढव्य, तेवढी बहुसंख्य जातीची ताकद एकवटते आणि गावकुसाबाहेरचा माणूस तिच्याखाली दबतो. बाबासाहेबांची खरी काळजी ही होती.

म्हणून ते मराठी माणसाच्या विरोधात होते, असे कुणी म्हणेल तर ते खोटे आहे. मुंबईवर महाराष्ट्राचाच हक्क आहे, हे त्यांनी १९४८ सालीच लेखी मांडले होते. पुढे त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला. त्या लढ्यात गिरणी कामगारांनी रक्त सांडले, तेव्हा १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

२००० साली झारखंड झाले, राजधानी रांची! पंचेचाळीस वर्षांपूर्वीच बाबासाहेबांनी हे शहर सांगितले होते. त्याच साली छत्तीसगड आणि उत्तराखंड (तेव्हाचे उत्तरांचल), २०१४ साली तेलंगणा झाले.

पण बंधू-भगिनींनो, नुसती रेघ ओढून भागत नाही. राज्य लहान झाले तरी तहसील कचेरीत आपल्या माणसाला दारातच उभे करीत असतील, तर फरक काय पडला? वाटणीचा नकाशा पाहताना सगळ्यात दुबळ्या माणसाचे त्यात काय, हे आधी विचारायला बाबासाहेबांनी शिकविले. ते पुस्तक विहारात आणू, पोरांना मोठ्याने वाचायला लावू.

जयभीम!