शिक्षक, तंत्रज्ञान आणि चुकण्याची मुभा

जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांची एक ढोबळ विभागणी रूढ झाली आहे: तंत्रस्नेही आणि बाकीचे. तरुण ते पहिले, निवृत्तीला आलेले ते दुसरे, हे त्यामागचे गृहीतक. मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये विद्यार्थ्यांना डिजिटल जगाचे मूळ रहिवासी आणि शिक्षकांना तिथले स्थलांतरित म्हटले, तेव्हापासून वयाच्या या कसोटीला शास्त्राचा मुलामाही मिळाला. शाळेत मात्र ती टिकत नाही. रात्री अकराला सर्व्हर मोकळा झाल्यावर ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन माहितीप्रणालीत बिनचूक माहिती भरणाऱ्या ज्येष्ठ बाई वर्गातला टीव्ही सुरू करायला कचरतात. दिवसभर मोबाइलवर असणारे नवे गुरुजी अपूर्णांक शिकवायची वेळ आली की खडूच उचलतात. सहजता माणसात नसते. माणूस, साधन आणि प्रसंग या तिघांच्या संबंधात ती असते.

एव्हरेट रॉजर्स यांचे १९६२ चे पाच गट (नवप्रवर्तकांपासून रेंगाळणाऱ्यांपर्यंत) शिक्षकांनाही सर्रास लावले जातात. या विचारपरंपरेचे मूळ शेतीत आहे. रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांचा अपवाद सोडता सर्वांनी तो स्वीकारला होता, पण बहुतेकांनी आधी थोड्याच जमिनीत पेरून पाहिला. पीक बुडाले तरी कोपराच बुडणार होता, आणि पेरायचे की नाही हा निर्णय शेतकऱ्याचाच होता. शिक्षकाला असा कोपरा क्वचितच मिळतो. २०१५ मध्ये ‘सरल’ आली ती साऱ्या राज्यात, मुदतीसह. ज्याला नाही म्हणण्याची सोयच नव्हती, त्याला रेंगाळणारा ठरवणे मला शास्त्रीय वाटत नाही.

परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट निसटते. क्यूआर कोडचा प्रयोग त्यांनी आधी आपल्याच शाळेत केला. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड नंतर आले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्याहून नंतर. त्यांना तो कोपरा मिळाला होता: वर्ग त्यांचा होता, वेळापत्रकही त्यांचेच.

फ्रान्सिस फुलर यांनी शिक्षकांच्या काळज्यांचा एक क्रम मांडला: आधी स्वतःची, मग कामाची, शेवटी मुलांवर होणाऱ्या परिणामाची. नव्या साधनालाही तो लागू पडतो. माझे हसे होईल का? तासात उरकेल का? मुलांना यातून काही कळेल का? कार्यालयासाठी भरायच्या माहितीत तिसरा प्रश्न उगवतच नाही. फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या प्रतिमानात स्वीकाराचे दोन आधार आहेत: उपयुक्तता आणि सुलभता. प्रशिक्षणात सुलभतेवरच भर दिला जातो. उपयोग कुणाला, हे विचारले तर पोर्टल, गुगल फॉर्म आणि ग्रुपवर टाकलेल्या लिंक यांचे उत्तर बहुधा ‘वरच्यांना’ असेच येते. या कामातला वेग पाहून अध्यापनातल्या सहजतेबद्दल अनुमान काढणे म्हणूनच चूक आहे.

अध्यापनातली सहजता कशी असते हे पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांच्या २००६ च्या मांडणीतून नीट दिसते: विषयाचे, शिकवण्याचे आणि तंत्राचे ज्ञान एकमेकांत मिसळल्याशिवाय साधन वर्गात रुजत नाही. व्हिडिओत भाकरीचे चार समान तुकडे होतात, मुले माना डोलावतात. पण तीनपेक्षा चार मोठे, म्हणून एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, असे निम्मा वर्ग तरीही म्हणू शकतो. व्हिडिओ नेमका कुठे थांबवून हा प्रश्न टाकायचा, ते मुले कुठे अडखळतात हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या बाईंना ठाऊक असते. त्यांना अडवते ते रिमोटचे एक बटण, आणि चाळीस डोळ्यांसमोर ते न सापडण्याची भीती. ही उणीव शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याकडून दोन दुपारींत भरून निघते. अध्यापनाचा अनुभव मात्र गटसाधन केंद्रातल्या एका दिवसात कुणाला देता येत नाही. तरीही प्रशिक्षणात प्रोजेक्टरवर बटणेच दाखवली जातात.

द्विशिक्षकी शाळेत सहकारी एकच असतो. प्राथमिक शाळेला लिपिक नसल्याने ज्याला संगणक येतो तोच लिपिक होतो: यू-डायस या सरकारी प्रणालीतली शाळेची माहिती त्याच्याकडे, शालेय पोषण आहाराची नोंद त्याच्याकडे, शेजारच्या शाळेची अडलेली माहितीही त्याच्याकडेच. तो पडद्यासमोर बसला की दुसऱ्याला चारही इयत्ता सांभाळाव्या लागतात. त्यामुळे केंद्राच्या शिक्षण परिषदेत ‘मला यातले काही जमत नाही’ असे सांगणाऱ्यांत, ज्यांना उत्तम जमते असेही काही जण असतात.