फिल्म संपली? कुठली फिल्म?

‘डिजिटल आलं आणि फिल्म संपली’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पण कुठली फिल्म, हे विचारून बघा. उत्तर बदलतं.

कोडॅकच्या दोन रंगीत स्लाइड फिल्म घ्या. १९३५ची कोडॅक्रोम २००९ मध्ये बंद झाली, एक्टाक्रोम २०१२ मध्ये. त्यातली एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आली. कोडॅक्रोम नाही आली. असं का?

एक मोठं कारण रसायनशास्त्रात सापडतं. रंग तयार करणारे कपलर एक्टाक्रोमच्या थरांतच असतात, म्हणून तिचा रोल छोट्या लॅबमध्ये, अगदी घरीही धुता येतो. कोडॅक्रोमचे कपलर डेव्हलपरमध्ये असायचे. प्रत्येक रंगाला वेगळा डेव्हलपर, त्यामुळे सगळा व्याप मोठ्या लॅबचा. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१०पर्यंतच रोल स्वीकारले. त्यानंतर कुणाच्या कपाटात रोल उरला असेल, तर त्यावर बहुतेक कृष्णधवल चित्रच मिळणार.

म्हणजे फिल्मचं भविष्य बघायचं तर रोल कोण धुऊन देणार, हे आधी बघा. तुमच्या संशोधनातही ‘अमुक तंत्रज्ञान संपलं’ असं लिहिण्याआधी विचारा: त्याच्या साखळीतली नेमकी कुठली कडी तुटली?