जहाजाच्या पत्र्यापासून हृदयाच्या झडपेपर्यंत

ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांना बालपणीच्या सांधेतापाने हृदयविकार जडला होता. फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना धाप लागे आणि आम्ही मुले स्तब्ध होत असू. डॉक्टरांच्या कानाला मर्मरध्वनी ऐकू येई. परंतु हृदयाची झडप अरुंद झाली आहे की गळते आहे, हे निश्चयाने सांगणे दुष्कर होते.

हाच प्रश्न स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर यांना पडला होता. अरुंद झडपेवरील शस्त्रक्रिया गळक्या झडपेच्या रुग्णास घातक ठरे. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुथ हर्ट्झ यांचे साह्य मागितले. हर्ट्झ यांनी माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतील भेगा शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र उसने आणले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी या दोघांनी धडधडत्या हृदयाचा प्रतिध्वनी नोंदविला. छातीला छेद नाही, रक्तवाहिनीत नळी नाही. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया जहाजे बांधण्यासाठी ज्या सुरतेहून मुंबईस गेले, त्या नगरीच्या श्रोत्यांस या उसनवारीचे विशेष अप्रूप वाटावे.

एका ठळक प्रतिध्वनीचा उगम एडलर यांनी आरंभी डाव्या कर्णिकेच्या भिंतीत मानला. वस्तुतः तो द्विदल झडपेच्या पाकळीचा होता. पुढे ही चूक दुरुस्त झाली, म्हणूनच विद्या वाढली. १९७० नंतरच्या दशकात हलते द्विमितीय चित्र दिसू लागले आणि हृदयाची उपसाशक्तीही मोजता आली. डाव्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त भरले आणि त्यातील ७० बाहेर पडले, तर प्रमाण सुमारे ५८ टक्के. हे निरोगीपणाचे लक्षण होय.

गतवर्षी सुरतेतच माझी ही तपासणी झाली. ‘हृदय’ हा शब्द मी आयुष्यभर वर्गात उलगडून सांगितला. त्या दिवशी पडद्यावर त्याची झडप उघडमिट करताना पाहिली आणि गुरुजी आठवले. ते शिकवीत होते तेव्हा लुंडमध्ये त्यांच्या दुखण्याचा शोध घेण्याची वाट सापडलेली होती. ती त्यांच्यापर्यंत मात्र पोहोचली नाही. विद्यार्थिमित्रांनो, नवे शोध अवश्य लावा. पण लागलेला शोध शेवटच्या रुग्णाच्या उशापाशी नेणे हेही विद्येचेच कार्य आहे. गुरुजींचे ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग मला दिसत नाही.